गोकस्टाड बोटीचा लाकडी किट: मोठीपेक्षा धाकटी सरस

चाळीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, केले. निवृत्तीनंतर हात गप्प बसेनात, म्हणून लेकीनं ऑनलाइन किट मागवून दिला: नॉर्वेतली गोकस्टाड नावाची व्हायकिंग बोट, १:५० मापात. किंमत साडेसहा हजार. टिळकवाडीत घरी खोकं पोचलं तेव्हा एक कोपरा चेपला होता, पण आतलं लाकूड शाबूत.

खरी बोट १८८० साली मातीच्या टेकाडाखाली सापडली. बांधणी नवव्या शतकाच्या शेवटाची, लांबी सुमारे २३ मीटर, दोन्ही बाजूंना १६-१६ वल्ही. मॉडेल साधारण ४६ सेंमी भरतं. आमच्या शोकेसच्या कप्प्यात तिरकं ठेवलं तेव्हा कुठं बसलं.

आता दुखणं सांगतो. पुस्तिका म्हणते, आधी कण्यावर (बोटीच्या तळातल्या मधल्या लांब लाकडावर) प्लायच्या फासळ्या उभ्या करा, मग त्यांवर फळ्या चिकटवा. म्हणजे सगळं उलटंच की! त्या कारागिरांनी आधी कण्याला फळ्या जोडत कवच उभं केलं. प्रत्येक फळीची कड खालच्या फळीवर चढवायची, लोखंडी रिव्हेट ठोकायचे. फासळ्या नंतर आतून बसवायच्या. फळ्याही करवतीनं काढत नसत. ओकचा ओंडका पाचरी ठोकून उभा फोडायचा आणि कुऱ्हाडीनं तासायचा. लाकडाची रेषा तुटत नाही, म्हणून फळी पातळ असूनही दणकट राहते. गोकस्टाडच्या पाण्याखालच्या फळ्या तर फासळ्यांना नुसत्या बांधलेल्या आहेत. (२०२५ मध्ये आपल्या कारवारला नौदलात आलेली शिडाची बोट कौंडिन्यही काथ्यानं शिवलेलीच.) १८९३ मध्ये माग्नुस आंदेरसेन हा कप्तान गोकस्टाडची प्रतिकृती घेऊन अटलांटिक ओलांडून गेला. लाटांत काठ सहा इंचांपर्यंत पिळला जाई, तरी पाणी आत शिरलं नाही.

प्लायला चिकटवलेल्या फळ्यांना ते कुठलं जमायला? मी फासळ्यांना मेण चोळलं, फळ्या फक्त एकमेकींना डिंकानं जोडल्या आणि कवच वाळल्यावर फासळ्या हळूच वर काढल्या, साच्यातून पॅटर्न काढतात तशा. मग आत बारीक फासळ्या घरच्या सागाच्या काटक्यांतून केल्या. पंधरा दिवस जादा गेले. "तयार आणलेलं मोडून परत काय करायलासा?" आमच्या हिनं विचारलं. उत्तर दिलं नाही.

लेझरनं कापलेल्या कडा काळ्या पडल्यात, पॉलिश पेपर मारावा लागतो. शिडाचं कापड म्हणजे पोछ्याचं फडकं. सुकाणू मात्र बरोबर, उजव्या बाजूला लावलेलं. जहाजाच्या उजव्या बाजूला इंग्रजीत स्टारबोर्ड म्हणतात, तो शब्द त्यावरूनच आला.

आणि मग ती धाकटी. मूळ बोटीसोबत तीन लहान होड्याही पुरल्या होत्या. त्यातली सर्वांत छोटी, चार वल्ह्यांची फेरिंग, किटमध्ये आहे. इनमीन १३ सेंमी, एका बाजूला तीनच रुंद फळ्या. त्या तिन्हींचा पीळ जुळवायला मला मोठ्या बोटीपेक्षा जास्त घाम फुटला, आणि खरं सांगायचं तर पैसे तिथंच वसूल झाले. राजेरजवाड्यांची लांब जहाजं गेली, पण हिचं घराणं अजून पाण्यावर आहे: पश्चिम नॉर्वेत ओसेल्वर, शेटलंड बेटांवर योल. शेटलंडवर लाकूड नाही, तिकडं नॉर्वेतून बोटी सुट्या भागांत जायच्या, म्हणजे किटच! २०२१ मध्ये युनेस्कोनं फळीवर फळी चढवून होडी बांधायची ही नॉर्डिक परंपरा वारसा यादीत घेतली.

नातवानं ती घंगाळात सोडली. "आज्जा, ही बुडंना की!" मोठीला मी पाणी दाखवलेलं नाही.

पाचपैकी साडेतीन. लाकूडकामाची सवय नसलेल्यानं घेऊ नये. आणि घेतलात तर उघडल्याबरोबर रिव्हेट मोजून बघा. माझ्या पुडीत चौदा कमी निघाले, विक्रेत्याला दोनदा कळवलं, अजून उत्तर नाही.