व्याख्यान ऐकावं की कामाच्या जागी जाऊन भेटावं?

नेतृत्व विकास कार्यक्रमात परिसरातल्या उद्योजकांची ओळख साधारण दोन प्रकारे होते. पहिला प्रकार व्याख्यानाचा. एका दुपारीत शंभर जणांचं काम उरकतं, पण वक्ता पाठ झालेली यशोगाथाच सांगतो आणि प्रश्नोत्तरांत माइक नेहमीच्याच दोघांकडे जातो. दुसरा प्रकार म्हणजे सात-आठ जणांनी थेट त्यांच्या कारखान्यात जाणं. तिथे बंद पडलेलं मशीन दिसतं. सुपरवायझर मालकाशी बिचकत बोलतो की बिनधास्त, हेही कळतं. अडकलेली उधारी कशी वसूल करता, हे तिथेच विचारता येतं. भरल्या सभागृहात कोण विचारणार? तारखा जुळवताना आयोजकांचा घाम निघतो, हे खरं. तरी माझं मत भेटीलाच. व्याख्यान फारतर कोणाला भेटायचं हे ठरवण्यापुरतं ठेवावं.