जेलो कम्युनिकेटर: ‘नको’ म्हणायची सोय

न बोलणाऱ्या किंवा मोजकंच बोलणाऱ्या ऑटिस्टिक मुलासाठी मराठीत चालणारं, एक पैसा न लागणारं ॲप हवं असेल तर आधी जेलो उतरवून बघा. पवईच्या आयआयटी मुंबईतल्या आयडीसी या डिझाइन विभागात ते घडलं. ते अँड्रॉइड आणि आयपॅड दोन्हींवर मिळतं. मधे चित्रं: खाणं, रोजची कामं, खेळ, माणसं, ठिकाणं, मदत वगैरे. दोन्ही कडांना तीन-तीन बटणं. एका बाजूला आवडतं, हो, जास्त. दुसऱ्या बाजूला आवडत नाही, नाही, कमी.

या ॲपचं खरं मोल नकाराच्या त्या तीन बटणांत आहे. मुलाने केळ्याचं चित्र निवडलं आणि ‘आवडत नाही’ दाबलं की फोन पूर्ण वाक्य बोलतो. तेच बटण पुन्हा दाबलं की नावड जोर देऊन सांगितली जाते. घरोघरी चित्रांचे तक्ते करताना आपण पाणी, खाऊ, शू, फिरायला जाणं एवढं हौसेने लावतो आणि ‘नको’ लावायचं विसरतो. मग नको म्हणायला मुलाकडे ताट ढकलणं, चावणं, कान दाबून पळणं एवढंच उरतं, आणि त्याला आपण हट्टीपणा म्हणतो.

बसवताना बहुतेक जण आवाजापाशी अडतात. ॲपची भाषा मराठी केली तरी उच्चार फोनमधल्या टेक्स्ट-टू-स्पीच इंजिनातून (लिहिलेलं मोठ्याने बोलून दाखवणाऱ्या सोयीतून) येतात. म्हणून फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या इंजिनाचा मराठी आवाज आधी डाउनलोड करा आणि वेग थोडा कमी ठेवा. मग ॲप पिन करा (आयपॅडवर गाइडेड ॲक्सेस), म्हणजे मुलाला त्यातून बाहेर पडता येत नाही; नाहीतर दोन मिनिटांत यूट्यूब उघडतं. शक्य असेल तर हे उपकरण फक्त बोलण्यासाठीच ठेवा. शिक्षा म्हणून ते काढून घेणं म्हणजे मुलाच्या तोंडावर हात ठेवणं. चार्जिंग संपतं, पावसात टॅबलेट बाहेर नेता येत नाही. तेव्हासाठी तीच सहा बटणं आणि रोजची आठ-दहा चित्रं ए-फोर कागदावर काढून लॅमिनेट करा, दप्तराला अडकवा. चित्रांच्या जागा मात्र बदलू नका. बोटांना जागा पाठ झालेल्या असतात.

सर्वांत जास्त बिघडतं ते वापरताना. ‘दाखव बरं, सफरचंद कुठंय?’ अशी परीक्षा सुरू झाली की ॲपचं पाठ्यपुस्तक होतं आणि मूल त्याच्याकडे पाठ फिरवतं. त्याऐवजी मोठ्यांनी स्वतः बोलताना बटणं दाबायची. ‘मला चहा हवाय’ म्हणताना चहाचं चित्र दाबायचं आणि पुढे जायचं. मुलाकडून लगेच काही मागायचं नाही. प्रश्न विचारलाच तर मनात दहा अंक मोजा. त्याच वेळात प्रश्न दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारला तर मुलाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ‘माझ्याकडे बघून सांग’ हेही सोडा. बऱ्याच ऑटिस्टिक माणसांना डोळ्यांत बघणं आणि ऐकणं एकाच वेळी जमत नाही. नजर खाली असताना लक्ष उलट जास्त असू शकतं.

ॲप जिथे पोचत नाही ती जागा म्हणजे आपली भाषा. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो. डब्यातले तांदूळ संपले की ‘वाढले’ म्हणतो. ‘बघू’ म्हणजे बहुधा नाही, ‘दोन मिनिटांत’ म्हणजे कधीही. शब्दाचा अर्थ शब्दातच असतो असं धरून चालणाऱ्या मुलाला यातलं प्रत्येक वाक्य खोटं वाटू शकतं. ‘फॅन बंद करशील का?’ला ‘हो’ म्हणून ते बसून राहिलं तर ते उर्मट नाही. त्याने विचारल्याचं उत्तर दिलं. ‘फॅन बंद कर’ म्हणा. उलट बाजूने, ‘भूक लागली का?’ असं मूलच म्हणत असेल तर ते आपलंच वाक्य जसंच्या तसं उचलून भूक लागल्याचं सांगत असतं. तिथे वाक्य दुरुस्त करत बसू नका, ‘मला भूक लागली’ म्हणत जेवण वाढा.

ही दरी एकट्या मुलाची नाही, हे मनावर घेतलं तरच जेलो चालतं. ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये मांडलं की गैरसमज दोन्हीकडून होतो. ऑटिस्टिक नसलेल्यांनाही ऑटिस्टिक माणूस वाचता येत नाही. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी कानगोष्टींसारखा प्रयोग प्रसिद्ध केला. आठ प्रौढांच्या साखळीत एक गोष्ट पुढे द्यायची होती. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीने ती एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीइतकीच नीट पोचवली, दोन्हींच्या मिश्र साखळीत जास्त गळती झाली. २०२५ च्या मोठ्या प्रयोगात मिश्र साखळीतली ती गळती दिसली नाही, पण ऑटिस्टिक साखळी तेव्हाही कमी पडली नाही. ऑटिस्टिकसाठीचा ‘स्वमग्न’ हा आपला शब्द म्हणूनच खटकतो. मूल स्वतःत बुडालेलं आहे असं तो आधीच ठरवून टाकतो.

मर्यादा सांगायलाच हवी. जेलोत चित्र आणि कडेचं बटण मिळून ठरलेलं वाक्य निघतं. तीन-चार शब्द जोडून स्वतःचं वाक्य रचू लागलेल्या मुलाला ते लवकर अपुरं पडेल. लिहिता येत असेल तर आतला कीबोर्ड आहे, नाहीतर अवाझसारखं शब्द जोडू देणारं, पैसे भरून घ्यायचं ॲप बघावं लागेल. बदल करण्याआधी वाचा-उपचारतज्ज्ञांशी बोला. ‘ॲप दिलं तर मूल बोलणारच नाही’ या भीतीला मात्र आधार नाही.

पहिल्या आठवड्यात एकच करा. मुलाने ‘नाही’ दाबलं आणि ते मान्य करण्यासारखं असलं, तर तिथल्या तिथे थांबा: चमचा खाली ठेवा, टीव्ही बंद करा. औषधासारखं टाळता न येणारं असेल तर ‘तुला नकोय, कळलं मला, तरी घ्यावं लागेल’ असं सरळ सांगा. बटण दाबल्यावर काहीतरी घडतं हे दिसलं की मूल ते पुन्हा शोधत येतं.