इन्स्टा, लिंक्डइन का गूगल मॅप? सोलापुरात नवीन काम चालू करताना आधी काय धरायचं

मागच्या महिन्यात मामेबहीण घरी आली, इंटिरियर डिझाईनचं शिक्षण पुण्यात झालेलं, दोन वर्षं तिकडंच एका ऑफिसात काम केलं आणि आता सोलापुरात परत येऊन स्वतःचं चालू करतीये. चहा अर्धा पण झाला नव्हता तोवर फोन पुढं केला, "दादा, इन्स्टा करू का लिंक्डइन? का दोन्ही? एकजण म्हणाला आधी वेबसाईट पायजेच." मी लोगो, पॅकिंग, लोकांची पेज सांभाळणं असली कामं करतो त्यामुळं घरातले मलाच विचारतात, वायफाय बंद पडलं तरी मलाच विचारतात. तिला जे सांगितलं ते जरा नीट लिहून काढतोय, कारण हाच प्रश्न फिजिओ झालेल्या, सीए झालेल्या, नोकरी सोडून फ्रीलान्स करणाऱ्या पोरापोरींकडनं सारखा येतो.

मी तिला उलटं विचारलं, तुला पैसे देणारा माणूस पैसे द्यायच्या आदल्या रात्री काय करत असतो?

कारण सोलापुरात काम कसं मिळतं ते बघा. लग्नात पंगतीला नाहीतर हुरड्याला गेल्यावर कुणीतरी विचारतं, "फ्लॅटचं फर्निचर करायचंय, आहे का बे कोण ओळखीचं?" आणि समोरचा नाव सांगतो. म्हणजे नाव आधी तोंडी पोचतं. मग तो माणूस रात्री जेवण झाल्यावर फोन काढून ते नाव टाकून बघतो, खरंच आहे का, काम कसलं करते, कुठं बसते, बाकीचे काय म्हणतात. आपल्याकडं जाणता माणूस चादर घेताना जे करतो तेच हे. जीआय टॅग मिळालेली सोलापुरी चादर असली तरी तो नुसतं नाव ऐकून घेत नाही, हात फिरवतो, वजन बघतो, कोपऱ्यातलं लेबल उलटून बघतो. तुमचं ऑनलाईन जे काय आहे ते लेबल आहे. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओत जे शिकवतात, अनोळखी माणसाला रीलवरनं गिऱ्हाईक करा, ते इथं होतच नाही असं नाही पण पहिल्या वर्षात त्याच्या भरवशावर ऑफिसचं भाडं काढायला जाऊ नका.

आता एकेक घेऊ.

गूगल बिझनेस प्रोफाईल म्हणजे मॅपवर नाव, फोटो, वेळ, रिव्ह्यू दिसतात ते. आधी त्याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, २०२१ ला नाव बदललं. फुकट आहे, अगदी पूर्ण फुकट, त्यामुळं कुणी फोन करून "गूगलकडून बोलतोय सर, लिस्टिंगचे वर्षाचे एवढे हजार" म्हणाला तर सरळ ठेवून द्यायचा. मॅपवर वर कोण दिसणार याबद्दल गूगल स्वतःच तीन गोष्टी सांगतं, माणसानं जे शोधलं त्याच्याशी तुमचं काम किती जुळतंय, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात आणि तुम्ही किती नावाजलेले आहात. अंतराचं आपण काय करू शकत नाही, होटगी रोडवर बसून बाळ्यातल्या माणसाला पहिलं दिसायचं म्हणलं तर अवघडच. बाकीच्या दोन गोष्टी मात्र हातात आहेत. कॅटेगरी नेमकी निवडा, खऱ्या कामाचे फोटो टाका, वेळ बरोबर ठेवा, गड्ड्याच्या जत्रेत दुकान बंद ठेवणार असाल तर तशी सुट्टी टाका, नाहीतर माणूस गर्दीतनं वाट काढत येतो आणि कुलूप बघून जातो आणि मग एक स्टार देतो.

आणि नावात "बेस्ट इंटिरियर डिझायनर सोलापूर" असलं कोंबायचं नाही. बाहेर बोर्डवर जे नाव तेच तिथं, असा नियम आहे, मोडला तर प्रोफाईल सस्पेंड होऊ शकतं आणि परत मिळवताना नाकी नऊ येतात. रिव्ह्यूचं पण तसंच, "पाच स्टार द्या, दहा टक्के सूट घ्या" हे नियमात बसत नाही. त्यापेक्षा काम संपल्यादिवशी, गिऱ्हाईक खूष असताना, व्हॉट्सॲपवर लिंक पाठवायची आणि म्हणायचं काकू दोन ओळी लिहा की. आठवड्यानं मागितलं तर कुणी देत नाही, लोकांची खुशी भाकरीसारखी असते, गरम असताना काय ते. (कडक भाकरी सोडून.)

घरनं काम करणाऱ्यांसाठी एक सोय आहे ती फार जणांना माहीतच नसते, पत्ता लपवून नुसतं कुठल्या भागात काम करता ते दाखवता येतं. एकट्या काम करणाऱ्या पोरींनी हे कराच.

इन्स्टा वेगळं. ते दाखवायचं दुकान आहे, शोकेस म्हणा. ज्याचं काम डोळ्याला दिसतं, इंटिरियर, मेकअप, केक, बुटीक, फोटोग्राफी, त्याला इन्स्टा पायजेच, पण ज्याचं काम कागदात असतं त्यानं उगं का नाचावं हे मला अजून कळलेलं नाही. जीएसटी रिटर्नची शेवटची तारीख सांगताना गाण्यावर हात हलवणारी रील बघितली की मला त्या माणसाला रिटर्न द्यायची भीती वाटते, खरंच.

भारतात रील्स आल्या जुलै २०२० ला, टिकटॉकवर बंदी आल्यावर लगेच, आणि तेव्हापासनं सगळ्यांच्या डोक्यात एकच, व्ह्यूज. पण रील कुणाला दाखवायची हे इन्स्टा ठरवतं, तुम्ही नाही. मी एका मित्राच्या बुटीकची रील बूस्ट केली होती, म्हणजे पैसे भरून जास्त लोकांना दाखवली होती, घाईत लोकेशन नीट लावलंच नाही, चूक माझीच, पैसे संपले, लाईक भरपूर आले, कमेंटमध्ये लोक विचारतायत "प्राईस प्लीज" आणि निम्मे लोक दुसऱ्या राज्यातले. दुकानात एकजण आला नाही. बूस्ट करायचंच तर शहर निवडा, त्याच्याभोवती किती किलोमीटर ते लावा आणि लक्षात ठेवा की जाहिरातीच्या पैशावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. अजून एक, बिझनेस अकाउंटला गाजलेली गाणी बहुतेक मिळत नाहीत, त्यांच्यासाठी वेगळी लायब्ररी असते, त्यामुळं "माझ्याकडं ते गाणंच येईना दादा" असा फोन आला की मला कळतं काय झालंय. एकटं काम करणाऱ्याला इन्स्टातलाच दुसरा प्रकार, क्रिएटर अकाउंट, बरा पडतो.

मामेबहिणीला मी एवढंच म्हणलं, आधी नऊ पोस्ट. प्रोफाईल उघडल्यावर वरच्या तीन ओळीत जे दिसतं तेच माणूस बघतो, खाली कोण जात नाही. त्यात तीन पूर्ण झालेली कामं, आधीचं आणि नंतरचं, दोन-तीन चालू साईटचे, सुताराच्या हाताचे, प्लायच्या जाडीचे, आणि एक स्वतःचा फोटो. पिंटरेस्टवरचे इटलीतले किचन टाकायचे नाहीत, आपल्याकडं ओट्यावर गॅस, खाली शेंगाचटणीचे डबे आणि बाजूला देवघर बसवायचं असतं, ते बसवून दाखव, मग जुळे सोलापुरातली बाई थांबून बघेल. नऊ झाले की मग आठवड्याला एक. रोजचं सांगणाऱ्यांचं ऐकू नका, रोजचं तीन आठवडे होतं, चौथ्या आठवड्यात साईटवर प्लंबर येत नाही आणि पेज बंद पडतं.

भाषेचं पण बोलू. आपलं गाव मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं मिळून आहे, पूर्व भागात गिऱ्हाईक असेल तर दोन वाक्यं तेलुगूत बोललेली रील जेवढं काम करते तेवढं इंग्लिश कॅप्शन करत नाही. अक्कलकोटकडचे पेशंट असतील तर कन्नड. येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका, साध्या मराठीत बोला, सगळ्यांना कळतं.

लिंक्डइनला लोक उगं मोठं समजतात आणि उगं शिव्या पण देतात. माझं मत साधं आहे. तुमचे पैसे सोलापूरच्या आतनं येणार असतील तर लिंक्डइन महिनाभर नाही उघडलं तरी चालतं, बाहेरनं येणार असतील तर तेच पहिलं. फ्लॅटचं फर्निचर करून घेणारे काका तिथं नाहीत, असले तरी पोराच्या नोकरीसाठी आहेत. पण सॉफ्टवेअरवाला घरी बसून पुण्याच्या नाहीतर बाहेरच्या देशातल्या कंपनीचं काम करतोय, कंटेंट लिहितोय, किंवा टॉवेलच्या निर्यातीत मर्चंडायझर आहे, चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्याला ऑटोमेशन विकतोय, त्याचं गिऱ्हाईक तिथंच तपासतं. तिथं पंगतीतली ओळख चालत नाही ना, त्यामुळं हेडलाईन (नावाखालची ओळ), आधीचं काम आणि कुणी लिहिलेलं रेकमेंडेशन हेच लेबल.

हेडलाईनला २२० अक्षरं मिळतात. त्यात "पॅशनेट, ड्रीमर, लर्नर" लिहून घालवू नका. काय करता, कुणासाठी करता, एवढं लिहा. टॉवेल कारखान्यांसाठी एक्स्पोर्टची कागदपत्रं सांभाळतो, असं साधं लिहिलेला माणूस मला शंभर ड्रीमरपेक्षा कामाचा वाटतो. आणि कंपनीचं पेज काढायची घाई नको, एकटे आहात तोवर स्वतःच्या नावाचंच प्रोफाईल ठेवा, लोक माणसाशी बोलतात, लोगोशी बोलत नाहीत.

व्हॉट्सॲप बिझनेस हे या तिघांच्या रांगेत बसतच नाही, ते असायलाच लागतं, फोनला रेंज लागते तसं. कॅटलॉग, ठरलेली उत्तरं, रात्रीचं "सकाळी कळवतो" हे सगळं फुकट आहे. फक्त ब्रॉडकास्टवर भरवसा ठेवू नका, एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. स्टेटस मात्र आपल्याकडं सगळे बघतात, ज्या आत्या इन्स्टावर नाहीत त्या पण, आणि नाव तोंडी पुढं न्यायचं काम त्याच करतात.

आता जे कुणी आधी सांगत नाही ते. वकील, डॉक्टर, सीए, आर्किटेक्ट, तुम्हाला वरचं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. वकिलांना बार कौन्सिलच्या नियम ३६ नं काम मिळवायला जाहिरात करता येत नाही, सीएंना १९४९ च्या कायद्यातनं बंधनं आहेत, डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेतनं, आर्किटेक्टना १९८९ च्या नियमावलीतनं. हे नियम अधनंमधनं बदलतात पण, त्यामुळं आपापल्या कौन्सिलच्या साईटवर आजचं काय आहे ते वाचूनच पोस्ट टाका. गंमत बघा, मामेबहीण इंटिरियरवाली म्हणून तिला असं कौन्सिल नाही, ती बिनधास्त "आमच्याकडं या" म्हणू शकते, आणि तिच्या शेजारच्या टेबलावर बसणारी बी. आर्क. झालेली मैत्रीण तेच वाक्य टाकताना दोनदा विचार करणार. अशांनी माहिती द्यावी, बोलावू नये. वारसनोंद कशी करतात, गुडघेदुखीत काय टाळायचं, असलं. आणि पेशंटचे, अशिलाचे फोटो, रिपोर्ट टाकायचे नाहीत, ते खूष असले तरी.

वेळेचं गणित साधारण असं पडतं. गूगलला सुरुवातीला एक अख्खी दुपार जाते, मग महिन्याला अर्धा तास, रिव्ह्यूला उत्तरं द्यायची, नवीन फोटो टाकायचे. इन्स्टा आठवड्याला तीन-चार तास खातं, आणि ते तास साईटवरच्या कामातनंच काढावे लागतात हे कुणी मोजत नाही. लिंक्डइनचा वेळ या दोन्हींच्या मधे कुठंतरी, पण लिहायला जड जातं, कारण तिथं काहीतरी शहाणपणाचं लिहायला लागतंय असं सगळ्यांना वाटतं. वेबसाईट म्हणाल तर पहिल्या वर्षी नको. डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, तेवढं स्वतःच्या नावानं घेऊन ठेवा, स्वतःच्या ईमेलवर, एजन्सीच्या नाही. माझ्या ओळखीच्या एकाचं पेज एका एजन्सीनं काढलं, पासवर्ड स्वतःकडं ठेवला, भांडण झालं आणि चार वर्षांचे फोटो, फॉलोअर सगळे तिकडंच राहिले. आता तो नवीन पेजवर "हेच आमचं खरं पेज" लिहून बसलाय.

म्हणून मामेबहिणीला क्रम असा दिला, या आठवड्यात गूगल, पुढचे दोन महिने इन्स्टाच्या नऊ पोस्ट, व्हॉट्सॲप चालूच, लिंक्डइन पुण्यातलं जुनं आहे तसं राहू दे, फक्त गाव बदल. ती सॉफ्टवेअरमध्ये असती तर क्रम बरोबर उलटा दिला असता.

गूगलनं तिला व्हेरिफिकेशनसाठी व्हिडिओ मागितला, बाहेरचा रस्ता, दुकानाचा बोर्ड, आतलं टेबल असं सलग दाखवायचं असतं. विजापूर रोडला छोटी केबिन घेतलीये पण बोर्डच लावलेला नव्हता. परवा फोन आला, "दादा, बोर्ड करायला टाकतीये, नाव इंग्लिशमध्येच छान दिसतंय, तेवढंच करू का?" म्हणलं बाई, इंग्लिश ठेव पण मराठी लागतंयच, आणि मराठी अक्षर इंग्लिशपेक्षा लहान चालत नाही, २०२२ पासनं छोट्या दुकानांना पण तो कायदा लागू झालाय. "मग डिझाईन परत करायला लागणार," म्हणाली. आता तो बोर्ड मीच करतोय, फुकट.