जुळे सोलापूर की अशोक चौक : सायकलने कामावर जाणाऱ्याला घर शोधून देणाऱ्या सेवेचा अनुभव

माझी नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात आहे आणि कामावर मी सायकलनेच जातो. गेल्या वर्षी भाड्याचे घर शोधण्यासाठी एका एजंटाची मदत घेतली. त्याने एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली घेतली. त्या पैशांत काय मिळाले आणि काय राहून गेले, हे सायकलने ये-जा करणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहीत आहे.

त्याने दाखवलेले पहिले घर जुळे सोलापुरात होते. घर मोकळे, उजेडाचे, भाडे परवडणारे आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे कारखाना ‘पंधरा मिनिटांवर’. ही पंधरा मिनिटे मोटारसायकलची होती, हे त्याने सांगितले नाही. टोकन देण्यापूर्वी एका कामाच्या दिवशी सकाळी साडेसात वाजता मी त्या घराच्या फाटकापासून सायकल काढली. आसरा रेल्वे पुलाचा चढ, पुलावर मागून खेटून येणाऱ्या रिक्षा आणि पुढे महावीर चौक व गुरुनानक चौकातील गर्दी पार करून कारखान्याच्या दारात पोहोचेपर्यंत ३८ मिनिटे गेली.

वेळेपेक्षाही एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटली. एमआयडीसी शहराच्या पूर्वेला असल्यामुळे पश्चिमेकडच्या वस्तीतून निघणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळी जाताना ऊन येते आणि संध्याकाळी परतताना तेच ऊन पुन्हा समोरून येते. शिवाय पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असल्याने दिवसभर थकलेल्या माणसाला घरी येताना तो छातीवर घ्यावा लागतो. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. अशा दिवसांत संध्याकाळचा प्रवास १० मिनिटांचा आहे की ४० मिनिटांचा, यावर सायकल टिकणार की नाही हे ठरते. त्यात ऊसतोडीच्या हंगामात होटगी रोडच्या बाजूला दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात आणि त्यांतील काहींना मागे लाल रिफ्लेक्टरही नसतो. अंधारात त्यांच्या मागून सायकल चालवणे मला धोक्याचे वाटते.

दुसरे घर अशोक चौकाच्या जवळ, पूर्व भागात. एजंट ते दाखवायला फारसा उत्सुक नव्हता. बोळ अरुंद आहे, शेजारी यंत्रमाग आहेत आणि त्यांची खडखड रात्री उशिरापर्यंत ऐकू येते. पण तेथून कारखाना सायकलने १४ मिनिटांवर आहे. ऊन याही वाटेवर समोरूनच येते, मात्र ते थोडा वेळच सोसावे लागते. कामगारांची वस्ती असल्याने सकाळी रस्त्यावर माझ्यासारखे अनेक सायकलवाले असतात, त्यामुळे रिक्षावालेही सवयीने जागा देतात. पंक्चर काढणारा कोपऱ्यावरच बसतो. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडा दिसला की तो तेथे अंगठा दाबून धरतो आणि 10 मिनिटांत चाक परत मिळते. हेच घर मी घेतले.

एजंटाच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. दोन्ही ठिकाणी नळाला पाणी किती दिवसांआड आणि किती वाजता येते, हे त्याने न विचारता सांगितले व ते खरे निघाले. पाणी नेमके कामावर निघायच्या वेळी येत असेल, तर घर जवळ असण्याचा मोठा फायदा होतो. टाकी भरून, मोटर बंद करूनही मी हजेरीच्या वेळेत पोहोचतो.

मोटारसायकल असलेल्या कुटुंबाने या सेवेसाठी दलाली द्यायला माझी हरकत नाही. सायकलवाल्याने मात्र स्वतः सायकल चालवून पाहिल्याशिवाय टोकन देऊ नये आणि सायकल कोठे ठेवायची हेही आधीच ठरवून घ्यावे. मला दुसऱ्या मजल्यावर खोली मिळाली, म्हणून जिन्याखालची जागा सायकलसाठी राहील, असे वाक्य मी भाडेकरारात लिहून घेतले.