15 रुपयांचा सातबारा: कागद फक्कड, पण आतला आकडा तुम्हीच तपासा

हॉटेलांचे आणि मिक्सरचे रिव्ह्यू लिहून झाले, आता सरकारी सेवेचा लिहिते, कारण गेलं वर्षभर मी जेवढा वेळ महाभूमीच्या पोर्टलवर घालवलाय तेवढा ओटीटीवर पण नाही घालवला. ज्यांची गावाकडं जमीन आहे आणि स्वतः पुण्या-मुंबईत (किंवा त्याहून लांब) आहेत त्यांनी जरूर वाचा. ज्यांची नाही त्यांनी पण वाचा, कधी ना कधी घ्यालच.

थोडक्यात मत आधी: डिजिटल सहीचा सातबारा काढायची सोय, 5 पैकी साडेचार. त्या सातबाऱ्यात जे लिहिलंय ते बरोबर असण्याची खात्री, ते तुमच्या नशिबावर. चुकलेलं दुरुस्त करून घेणं, दीड. आणि तो दीड पण दोन चांगल्या माणसांमुळं.

मी एका कंपनीत एमआयएसला आहे, म्हणजे दिवसभर एक्सेल, कुणाचा डेटा कुठून आला, कुणी बदलला, दोन शीटचा टोटल का जुळत नाही हेच धंदे. त्यामुळं सातबाऱ्याकडं पण मी त्याच नजरेनं बघितलं, गावातल्या लोकांना ते जरा विचित्र वाटलं असणार.

आधी सोय सांगते. पूर्वी बाबा उताऱ्यासाठी गावी जायचे, तलाठी साहेब कधी सज्जाच्या ऑफिसात, कधी तालुक्याला मीटिंगला, कधी निवडणूक ड्युटीवर, मग एक मुक्काम आणि परत. आता मी रात्री अकरा वाजता भांडी घासून झाल्यावर मोबाईलवर ओटीपीनं लॉगिन केलं, खात्यात पैसे टाकले, जिल्हा-तालुका-गाव-गट नंबर निवडला, 15 रुपये कापले गेले आणि पीडीएफ हातात. 8अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनीची बेरीज) आणि फेरफार (नोंद कशी बदलली त्याचा कागद) पण तिथंच. वर शासनाची मुद्रा, क्यूआर कोड, 16 अंकी पडताळणी क्रमांक, गावाचा एलजीडी कोड, म्हणजे गावाचा सरकारी नंबर. तलाठ्याच्या सही-शिक्क्याची गरज नाही. आणि नुसतं बघायचं असेल तर महाभूलेखवर फुकट आहे, फक्त त्यावर सही नसते आणि ते कायदेशीर कामाला चालत नाही, माहितीपुरतं. बरेच लोक ह्या दोन्हीत गोंधळ करतात, फुकटातल्याची प्रिंट घेऊन बँकेत जातात आणि मग पोर्टलला शिव्या घालतात.

एक सूचना, सेवा केंद्रात काढणार असाल तर पैसे आधी विचारा. आमच्या शेजारच्या काकांकडून एका केंद्रानं एका उताऱ्याचे 100 रुपये घेतले, वर "सर्व्हर स्लो आहे, अर्जंट चार्ज" म्हणे. प्रिंटचे, मेहनतीचे चार पैसे घ्या ना, कुणी नाही म्हणत नाही, पण 15 चे 100?

आणि एका बँकेत (नाव नाही सांगत, तिथं अजून काम आहे) साहेबांनी माझी डिजिटल प्रिंट बघून विचारलं, "मॅडम, ह्याच्यावर तलाठ्याचा गोल शिक्का कुठाय?" मी म्हटलं सर, हा 16 आकडी नंबर तुमच्याच कॉम्प्युटरवर टाका. टाकला. आला. त्यांना स्वतःलाच एवढा आनंद झाला की बाजूच्या काउंटरवाल्याला बोलावून दाखवलं!

असो. आता खरी गोष्ट.

बाबा गेले मागच्या वर्षी. वारस नोंद करायची म्हणून मी वरच्यासारखा सातबारा काढला आणि सवयीनं टोटल मारली. आमचा गट एकच, त्याचे दोन हिस्से, एक बाबांचा, एक चुलत्यांचा, 1983 चं वाटप. चुलत्यांच्या उताऱ्यावर 0.46 हेक्टर. बाबांच्या उताऱ्यावर पण 0.46. मला लहानपणापासून माहितीय की काकांना विहिरीकडची कमी पण चांगली जमीन आणि बाबांना माळाकडची जास्त अशी वाटणी झालेली, आजोबा कायम म्हणायचे "पाण्याचे 18 गुंठे वळते केलेत", म्हणजे पाण्याच्या बदल्यात बाबांना 18 गुंठे जास्त. मग दोन्ही सारखे कसे?

इथं मला जे समजलं ते सगळ्यांनी समजून घ्यावं असं आहे, कारण शाळेत कॉलेजात हे कुणी शिकवत नाही, मी एमबीए केलं त्यात पण नव्हतं. सातबारा म्हणजे तुमच्या पासबुकातली शेवटची शिल्लक. गाव नमुना 7 म्हणजे मालक कोण, क्षेत्र किती, बोजा (जमिनीवरचं कर्ज) काय, आणि नमुना 12 म्हणजे पिकं, ते दोन जोडून सातबारा. पण ती शिल्लक कशी झाली ते सातबारा सांगत नाही, ते सांगतो नमुना 6, म्हणजे फेरफार. खरेदी, वारस, वाटप, हक्कसोड, सोसायटीचा बोजा चढला, उतरला, प्रत्येकाला एक नंबर आणि तो नंबर सातबाऱ्यावर नावाशेजारी गोलात किंवा कंसात बसलेला असतो. आमच्या ऑफिसात ज्याला ऑडिट ट्रेल म्हणतात आणि जे बसवायला कन्सल्टंट लाखो रुपये घेतो ते आपल्याकडं कॉम्प्युटर यायच्या कितीतरी आधीपासून तलाठ्याच्या दप्तरात आहे. एकूण 21 गाव नमुने, एकात एक अडकवलेले. 8अ मध्ये खातेदारानुसार बेरीज, सातबाऱ्यात गटानुसार. ज्यानं कुणी हे रचलं त्याला माझा दंडवत, खरंच, बोरूनं लिहायच्या जमान्यात असा डेटाबेस!

तर मी वाटपाचा फेरफार शोधला. नंबर सातबाऱ्यावर होता, पण 1983 चा म्हणजे हाताने लिहिलेला. जुनी कागदपत्रं स्कॅन करून ठेवलीत, आपले अभिलेख म्हणून वेगळं पोर्टल आहे, पण मला घाई होती म्हणून मी तालुक्याच्या अभिलेख कक्षातून नक्कल घेतली. निळी शाई, वळणदार अक्षर, आणि स्वच्छ लिहिलेलं, काकांना हे. 0 आर 46 (म्हणजे 0.46 हेक्टर), बाबांना हे. 0 आर 64. मग भूमी अभिलेखकडून आकारबंदाची नक्कल घेतली, हा मोजणी खात्याचा कागद, गटाचं मूळ क्षेत्र त्यात असतं आणि ते गावातल्या कुणाच्या तोंडी हिशोबानं बदलत नाही. त्यात गटाचं एकूण 1 हेक्टर 10 आर. 64 आणि 46 बरोबर 110. आणि कॉम्प्युटरच्या उताऱ्यावर 46 आणि 46 बरोबर 92. 18 आर गायब, म्हणजे जवळजवळ 18 गुंठे, आजोबांचे तेच ते पाण्याचे 18!

कुणी खाल्ली नाही हो जमीन. जागेवर बांध जिथल्या तिथं आहे, चुलत भाऊ जिथं पेरायचा तिथंच पेरतो. नुसतं हस्तलिखितावरून टाईप करताना कुणीतरी वरच्या ओळीतला आकडा खाली पण मारला. पण कागदावर आम्ही 46 आरचेच मालक.

इथं आमची चूक पण सांगते, नाहीतर रिव्ह्यू एकतर्फी होईल. संगणकीकरण झालं तेव्हा गावोगावी चावडी वाचन झालेलं, म्हणजे सातबारे वाचून दाखवायचे, चुकलं असेल तर सांगा. बाबांना काकांचा फोन आलेला. बाबा म्हणाले "आपलं काय चुकणार, तू आहेस ना तिथं." काकांनी स्वतःचं ऐकलं, 46, बरोबर, घरी आले. म्हणजे व्यवस्थेनं विचारलेलं, आम्हीच गेलो नाही. ज्याचा डेटा त्यानंच तपासायचा हे ऑफिसात मी दिवसातून चार वेळा लोकांना ऐकवते.

दुरुस्तीचा रस्ता असा: जमीन महसूल अधिनियम 1966, कलम 155, लेखनप्रमाद, म्हणजे लिहिताना झालेली चूक. काय शब्द आहे, लेखनप्रमाद! अर्ज तहसीलदारांच्या नावे, सोबत जुना हस्तलिखित सातबारा, फेरफाराची नक्कल, आकारबंद, 8अ, चालू उतारा. मग तलाठ्याचा अहवाल, सर्कलचा (मंडळ अधिकाऱ्याचा) अहवाल, शेजाऱ्यांचे आणि सहहिस्सेदाराचे जबाब, आदेश, आदेशावरून फेरफार आणि मग सातबारा बदलणार. आम्हाला तलाठी साहेबांनीच सांगितलं, "ताई, वारस आधी लावला तर तुमच्या तिघांच्या नावावर पण 46 च येणार, आधी क्षेत्र दुरुस्त करून घ्या." हा माणूस दीडमधला एक. तरुण पोरगा, आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय पण गावात सगळे तलाठीच म्हणतात, त्यानं आठवड्यात अहवाल पाठवला.

तालुक्याला मात्र फाईल जाऊन बसली. तालुका कुठला ते विचारू नका. अर्जावर आवक नंबर घेतलेला होता म्हणून वाचले, कारण तिसऱ्या महिन्यात मला सांगण्यात आलं की असा अर्जच नाही. आवक रजिस्टरला नोंद दाखवली तर मग "टेबल बदललंय, नवीन मॅडम आल्यात". नवीन मॅडम म्हणे मला चार्जमध्ये ही फाईल मिळालीच नाही. म्हणजे बघा, जमिनीची माहिती ऑनलाईन, उतारा ऑनलाईन, पण त्या माहितीची दुरुस्ती जिच्यात आहे ती फाईल लाल फडक्यात आणि ती कुठल्या कपाटात आहे हे एकाच शिपाईकाकांना माहिती. ते दीडमधले दुसरे. त्यांनी दहा मिनिटात काढून दिली आणि वर म्हणाले, "पोरी, नवीन मॅडमनी गठ्ठे गावाच्या नावानं लावलेत, आधीचे साहेब तारखेनं लावायचे." एकाच कपाटात दोन इंडेक्स! मला हसावं की रडावं कळेना, आमच्या ऑफिसच्या शेअर्ड ड्राईव्हचं पण नेमकं हेच आहे.

फाईल सापडली तरी हालेना. मग मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयांचा, 30 दिवसांची मुदत, भांडणाचा एक शब्द नाही, फक्त तीन प्रश्न: माझा अर्ज आज कुणाकडं आहे, कुठल्या तारखेपासून आहे, त्यावर रोज काय कार्यवाही झाली. विसाव्या दिवशी चुलत भावाला जबाबाची नोटीस आली. तो भला माणूस दुकान बंद ठेवून गेला आणि सांगून आला की हो, ताईंचे 64 च आहेत, माझे 46. (भाऊबंदकीचे किस्से ऐकणाऱ्यांनी इथं टाळ्या वाजवा.) अर्ज दिल्यापासून आदेश हातात पडेपर्यंत सात महिने.

आता बाकीच्या गोष्टी पटापट. आपली चावडी म्हणून जे ऑनलाईन आहे ते महिन्यातून एकदा बघाच, आपल्या गावात कुठले फेरफार चालू आहेत, कुणाच्या नोटिसा निघाल्यात, सगळं घरबसल्या दिसतं आणि हरकत घ्यायला 15 दिवस असतात, आधी हा कागद चावडीच्या फळ्यावर लागायचा आणि पुण्यातल्या माणसाला कळेपर्यंत नोंद प्रमाणित झालेली असायची. माझ्या मते अख्ख्या प्रकारात सगळ्यात कामाची आणि सगळ्यात कमी लोकांना माहिती असलेली सोय हीच. ई-पीक पाहणी 2021 पासून आहे, शेतात उभं राहून मोबाईलनं पिकाचा फोटो टाकायचा, चुलत भाऊ टाकतो, माळाला रेंज नसते म्हणून वैतागतो पण टाकतो, कारण नमुना 12 कोरा राहिला तर नुकसानभरपाईच्या वेळी बोंबलायचं कुणाच्या नावानं.

सुधारणा विचाराल तर माझी एकच मागणी, त्या उताऱ्यावरची संक्षिप्त रूपं सोडवून लिहा रे बाबांनो. ए.कु.मॅ., अ.पा.क., पो.ख. आईनं विचारलं हे पो.ख. काय, आपली कुणी आत्या का? पोटखराब, आई, लागवडीला न येणारी जमीन. आणि पोर्टलं एवढी वेगवेगळी, बघायला एक, सहीचं दुसरं, अर्जाला ई-हक्क, नकाशाला महाभूनकाशा, जुन्याला आणखी एक. माझ्यासारखीला वहीत लिहून ठेवावं लागतं तर माळावरच्या माणसानं काय करायचं.

मावशी बेळगावला असते, ती म्हणाली आमच्याकडं कर्नाटकात भूमीवाल्यांनी (तिथला जमिनीच्या नोंदींचा सरकारी प्रकल्प) 2000 च्या सुमारालाच तालुक्याला कॉम्प्युटरवरचा उतारा द्यायला सुरुवात केली, आणि तो पण 15 रुपयांतच. मी म्हटलं मावशी, त्यात आकडा बरोबर होता का ते सांग. ती म्हणाली तेवढं कधी बघितलं नाही गं.

परवा दुरुस्तीचा फेरफार मंजूर झाला. रात्री परत 15 रुपये टाकले, पीडीएफ उघडली, 0.64.00. आईनं चष्मा लावून स्क्रीन मोठी करून बघितली, मग म्हणाली प्रिंट काढ, मोबाईलातलं मला खरं वाटत नाही. वारस नोंदीचा अर्ज आजच ई-हक्कवर टाकलाय. नोटीस निघाली की आपली चावडीवर रोज बघणार आहे, काही लागलं तर खाली कमेंटमध्ये अपडेट देते.