ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड: लघुग्रहाच्या पोटातली कॉलनी
२०१९ ला फुल रिलीज झालेला क्लेई या गेम कंपनीचा हा गेम माझा एकदम लाडका आहे, काम एवढंच की लघुग्रह खणत जायचं आणि आतली माणसं जगवायची, पण सिम्युलेशन काय बनवलंय! कार्बन डायऑक्साइड खाली साचतो, हायड्रोजन वर जातो, इलेक्ट्रोलायझर (पाण्याचं ऑक्सिजन-हायड्रोजन करणारं यंत्र) सेकंदाला १ किलो पाण्यातून ८८८ ग्रॅम ऑक्सिजन देतो पण तो कमीत कमी ७० डिग्रीला, मग ही उष्णता घालवायची कुठे? खरी मजा इथेच आहे.

मॉड्सपण (खेळाडूंनी बनवलेले जोड-बदल) भारी, स्टीम या ऑनलाइन गेम स्टोअरच्या वर्कशॉपवरून नवीन यंत्रं घालता येतात, फक्त मोठा अपडेट आला की जुने मॉड बंद पडू शकतात. कॉलनी वाढली की गेम स्लो होतो. तरी नक्की घ्या, सुरुवातीला माणसं कमीच ठेवा.