आयसोमरवर प्रोजेक्ट : तीनपैकी कोणती जोडी घ्यावी?

टीवायला किंवा एमएस्सीला आयसोमर (अणू तेच, पण मांडणी वेगळी असलेले पदार्थ) वेगळे करून दाखवायचे असतील, तर कॉलेजच्या लॅबमध्ये जमण्यासारख्या जोड्या तीन: ऑर्थो-पॅरा नायट्रोफिनॉल, मॅलेइक-फ्युमारिक आम्ल आणि 1-फिनाइलइथाइलअमाइनची डावी-उजवी रूपं (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा). लॅबमध्ये पोलारीमीटर (द्रावण प्रकाशाचं ध्रुवणप्रतल किती फिरवतं ते मोजणारं उपकरण) नसेल तर तिसरीचा विषय तिथेच संपला.

हातात एकच दिवस असेल तर मॅलेइक घ्या; त्याचं फ्युमारिक करायचं. 2 ग्रॅम आम्ल तेवढ्याच मिली गरम पाण्यात विरघळवायचं, 5 मिली संहत हायड्रोक्लोरिक आम्ल घालून अर्धा तास रिफ्लक्स (वाफ थंड होऊन परत फ्लास्कमध्ये पडेल असं उकळणं). फ्युमारिक पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे गरम असतानाच ते खाली बसू लागतं. ओळख पटवायलाही हाच विद्राव्यतेचा फरक वापरा. वितळणांक बघायला जाल तर फसाल: 287 अंशांच्या आधीच फ्युमारिक उघड्या कॅपिलरीतून उडू लागतं. मॅलेइकचा मात्र जरूर बघा, पण जुलैत मुंबईच्या दमट हवेत नमुना डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) सुकवल्याशिवाय नको. ओलसर नमुना कमी तापमानाला वितळतो.

नायट्रोफिनॉल दिसायला छान. ऑर्थोचा हायड्रोजन बंध रेणूच्या आतच असतो, म्हणून मिश्रणातून पाण्याची वाफ सोडली की तो वाफेबरोबर निघून येतो. पॅराचे रेणू एकमेकांना धरून फ्लास्कमध्ये राहतात. त्रास हमखास एकच. ऑर्थो 45 अंशांखाली गोठतो, आणि मे महिन्यातलं नळाचं कोमट पाणीही त्याहून थंडच. पिवळे स्फटिक कंडेन्सरमध्ये (वाफ थंड करणाऱ्या नळीत) तुंबतात आणि आत दाब वाढतो. पाणी थोडा वेळ बंद करा, वितळून खाली येतील. दोन्ही विषारी, हातमोजे हवेतच.

खरा कस अमाइनमध्ये. आरशातल्या प्रतिमांचे उत्कलनांक, विद्राव्यता सगळं सारखंच, त्यामुळे वरच्या दोन्ही युक्त्या इथे निकामी. मग नैसर्गिक टार्टारिक आम्लाशी क्षार करायचा: आता ती प्रतिमांची जोडी राहत नाही, विद्राव्यता बदलते. 7.8 ग्रॅम आम्ल 125 मिली मेथॅनॉलमध्ये वॉटर बाथवर गरम करा (ज्योत अजिबात नको), त्यात 6.25 ग्रॅम अमाइन सावकाश सोडा; घाई केलीत तर फेसाळून बाहेर येतं. बूच लावून रात्रभर ठेवा. जाड, चौकोनी स्फटिक आले तर काम झालं. सुया आल्या तर गाळू नका, त्या पुरेशा शुद्ध नसतात. जवळजवळ सगळं विरघळेपर्यंत पुन्हा गरम करून, दोन-चार जाड स्फटिक बीज म्हणून ठेवून हळूहळू थंड होऊ द्या. सोडियम हायड्रॉक्साइडने सुटलेल्या शुद्ध अमाइनचं विशिष्ट वलन (पोलारीमीटरवरच्या वाचनावरून काढलेला आकडा) उणे 40च्या आसपास यायला हवं; उणे 25 आलं तर त्यात सुया मिसळल्या आहेत असं समजा.